टवका उडालेला ठोकळा

प्रिय बाळा,

देव तुझं भलं करो, आणि त्याला ते करता यावं एवढी जागा तू ठेवावीस. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण रोज संध्याकाळी बागेतल्या बाकावर जाऊन "आमचा मुलगा आमच्याच खात्यात इंजिनियर, नव्या सरकारी दवाखान्याचं काम त्याच्याकडे" हे चारचौघांना ऐकवल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. त्यांचा उभा जन्म बांधकाम खात्याच्या दुरुस्ती विभागात गेला, दुसऱ्यांनी बांधलेल्या इमारतींच्या गळत्या बुजवण्यात. तू नवं बांधतोस याचं त्यांना केवढं अप्रूप! मी ऐकते आणि भाजी निवडत राहते.

परवा तुझा फोन आला. गुडघ्याची चौकशी केलीस, गॅस संपला का विचारलंस, आणि ठेवता ठेवता म्हणालास, "आई, इथून तो ठोकळा नेलायस ना, तो टाकून दे कुठेतरी. उगाच घरात अडगळ." मी रिकामी डबीसुद्धा टाकत नाही, हे तुला चांगलं ठाऊक. इतक्या वर्षांत तू मला कधी काही टाक म्हणाला नाहीस. मग या एका काँक्रीटच्या ठोकळ्यानं तुझं काय घोडं मारलंय? वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून तो बिचारा दाराशी बसलेला असतो. परवापासून येता-जाता माझं लक्ष त्याच्याकडेच जातं.

तुझ्याकडे राहायला आले होते तेव्हाचा तो दिवस आठव. दवाखान्याचा स्लॅब टाकायचा दिवस आणि तू तापानं फणफणलेला. दुपारी ठेकेदाराचा तो गॉगलवाला माणूस जीप घेऊन आला आणि ओल्या काँक्रीटनं भरलेले लोखंडी साचे अंगणात उतरवले. मी विचारलं तर म्हणाला, "काकू, स्लॅबमध्ये पडतोय तोच माल आहे हा. याचे ठोकळे वाळले की प्रयोगशाळेत दाबून बघतात. ते टिकले की स्लॅब पास. साहेबांची खूण लागते, म्हणून इथंच घेऊन आलो." तू शाल गुंडाळून उठलास, उकिडवा बसून खिळ्यानं प्रत्येकावर खूण कोरलीस. मला वाटलं, काय हे कामावरचं प्रेम! मी दोघांना चहा करून दिला. दुसऱ्या दिवशी तोच माणूस येऊन साचे उघडत असताना एका ठोकळ्याच्या कोपऱ्याचा टवका उडाला. आता हा तपासणीला चालणार नाही म्हणून तो फेकून देणार, तेवढ्यात मी म्हटलं, मला द्या, दाराला लावायला होईल. तो हसला. "काकू, तुम्ही म्हणजे काहीच सोडत नाही!"

नाहीच सोडत. दवाखाना तुझ्या घराच्या उजव्या हाताला, नाक्यापलीकडे. त्या दिवशी जीप आली ती डावीकडून, जिथे त्याच ठेकेदाराचं गोदाम आहे. मी स्वतःलाच दटावलं, वळसा घातला असेल, तुला काय करायचंय? पण त्याच गॉगलवाल्यानं "आमच्या घरच्या बागेतली आहेत, देवापुढे ठेवा" म्हणून फळांची टोपली दिली, तर प्रत्येक फळावर दुकानाचं लेबल. झाडाला लेबलं लागतात हे मला नवीनच. ती फळं मी देवापुढे ठेवली नाहीत. सूनबाईनं विचारलं, तर म्हटलं नासकी निघाली.

निघायच्या आदल्या दिवशी तू मला दवाखान्याचं काम दाखवायला नेलंस. किती हौसेनं सांगत होतास, इथं लहान मुलांच्या खाटा लागतील, तिथं त्यांच्या आयांना बसायला बाकं. जिना चढून दमले म्हणून मी स्लॅबच्या कडेला हात टेकला, तर नखांत वाळू आली. बोटानं जरा खरवडलं, तर भुगाच सुटला. तू पाहिलंस आणि म्हणालास, "प्लास्टर झालं की दिसणार नाही, आई." दिसणार नाही! पडणार नाही, असं म्हणाला असतास तर मी तेव्हाच गप्प झाले असते.

मी मॅट्रिक झालेली बाई, तुमची मोठी गणितं मला येत नाहीत. पण घरखर्चाचा मेळ बसल्याशिवाय मी जागची उठत नाही, आणि हा मेळ काही केल्या बसेना. शेवटी काल उलथनं घेतलं आणि दाराशी बसून ठोकळा खरवडला. ओरखडा उठला नाही, उलथन्याचं टोक मात्र वाकलं. चाखायला दिलेली वाटी एका पातेल्यातली आणि ताटात वाढलेलं दुसऱ्याच पातेल्यातलं, असं झालंय हे. मी आधी सगळा संशय गॉगलवाल्यावर ढकलला. तापाच्या ग्लानीत तुला फसवलं असेल, तुला काय ठाऊक असणार! त्या समजुतीवर कालची दुपार बरी गेली. पण बाळा, फसवला गेलेला माणूस आईला फोन करून ठोकळा टाकून दे म्हणत नाही.

हे सगळं फोनवर बोलले असते, तर तू मला बोलण्यात गुंडाळलं असतंस. म्हणून लिहिते आहे. ठोकळा टाकलेला नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं मी येतेय आणि तो माझ्या पिशवीत असेल. बाबांना एवढंच सांगितलंय की सूनबाईला बघून येते. बाकीचं त्यांना तूच सांगायचं. सोमवारी तुझ्या मोठ्या साहेबांकडे ठोकळा घेऊन तू जा, आणि एकही खाट आत जाण्याआधी स्लॅब तपासायला सांग. मी बाहेर बाकावर बसेन. तू गेला नाहीस, तर मी आत जाईन आणि ठोकळ्यावरची खूण कोणाची हेही सांगेन. नोकरीचं जे व्हायचं ते होवो, इथं तुम्हा दोघांना दोन घास कमी पडायचे नाहीत. दिवा लावताना सगळ्यात आधी तुझं नाव घेते मी. परवापासून ते घेताना जीभ अडखळते. स्टेशनवर घ्यायला ये. पिशवी फार जड आहे रे, माझ्या एकटीच्यानं उचलवायची नाही.

तुझीच,
आई