छत्रीवाली बाई, अर्धी चौकट रिकामी

३ जानेवारी, सकाळी ७
सातवीत असताना शाळेच्या व्हरांड्यात प्रभावती आणि मी एकाच डब्यातली शेंगदाण्याची पोळी खात बसायचो. समोर सिस्टरांच्या ऑफिसात जपानी कॅलेंडर होतं. छत्री घेऊन उभी असलेली पांढऱ्या चेहऱ्याची बाई. एकदा प्रभा म्हणाली, ही कुणाची तरी वाट बघतेय. मी म्हटलं, छे, नुसती उभी आहे. बेल झाली. वाद राहिला.

आज ठरवलं. त्या जुन्या जपानी चित्रांसारखी बारा पोर्ट्रेट्स काढायची, २५ तारखेला अंगणात प्रदर्शन. विश्वजितचा जुना कॅमेरा कपाटात पडूनच आहे, आणि मुलाचं ते आईचंच. नियम: सावली नको, हसू नको, चेहरा पांढरा, अर्धी चौकट रिकामी. तीन व्हिडिओ पाहिले. विषय समजला.

प्रभा २६ला कायमची बंगलोरला चाललीय, मुलाकडे. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

५ जानेवारी
पहिली मॉडेल शालूबाई, पंधरा वर्षं आमच्याकडे स्वयंपाकाला आहे. माझा जांभळा रेशमी गाऊन हा किमोनो. चेहऱ्याला आजऱ्याच्या तांदळाची पिठी. गाऊन घातला, पिठी लावून घेतली, मग मोकळी भिंत पाहून उठलीच. "वैनी, एकटीचा फोटू, त्यो बी न हसता? ह्यो हार घालायचा फोटू हाय." नातू मांडीवर असेल तर बसते म्हणाली. जपानमध्ये असं चालत नाही, हे तिला सांगितलं. तिनं भाकरी थापायला घेतली.

८ जानेवारी
शेजारचे गणपतराव आनंदाने तयार झाले. पण पोज एकच येते: गॉगल, कानाला मोबाईल. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर असते तशी. मोबाईल काढून घेतला तरी हात कानाशीच. तेवढ्यात त्यांच्या मिसेस, आक्का, आल्या आणि त्यांना दंडाला धरून घेऊन गेल्या. पुढच्या महिन्यात त्यांची बायपास आहे, असलं काही आत्ता नको, म्हणे.

बाराऐवजी सहा पोर्ट्रेट्स पुरतील. जपानी कला थोडक्यात असते.

१२ जानेवारी, दुपारी
प्रभा आली. मी पिठी लावली, ती शिंकली, मग दोघी हसत सुटलो. चाळीस फोटो, सगळ्यांत तिचे दात. मी रागावले. गंभीर हो म्हटलं, शेवटचं सांगते. ती गाल पुसत म्हणाली, "माले, मी बंगलोरला चाललेय. वर नाही."

२४ला नीट बसेन असं वचन घेतलं. एक पोर्ट्रेट पुरे. एकच, पण अस्सल.

१८ जानेवारी
टायमर लावून स्वतःचा फोटो काढला. उत्कृष्ट. चेहरा चंद्रासारखा, अर्धी चौकट रिकामी. प्रदर्शनाच्या जाहिरातीसाठी सयाजी फ्लेक्सवाल्याला पाठवला. फोनवर समजावलं: मजकूर कमी, फक्त नाव आणि गल्ली. प्रदर्शनाचं किंवा फोटोतली मीच हे सांगत बसले नाही, कला स्वतः बोलते. तारीख टाकू का, त्यानं हळू आवाजात विचारलं. कलेला तारीख नसते, म्हटलं. बाकी जागेत फक्त शांतता हवी. तो म्हणाला, वैनी, तुम्ही काळजी करू नका, आम्ही सगळं बघतो. कलेची जाण असलेली माणसं अजून आहेत राजारामपुरीत.

२० जानेवारी
सयाजीनं पहाटेच चौकात फ्लेक्स लावला. रिकामी जागा त्यानं भरली: भावपूर्ण श्रद्धांजली. खाली, शोकाकुल, समस्त गल्ली.

नऊपर्यंत अकरा माणसं येऊन गेली. मी सगळ्यांना चहा दिला. काहींना ते बरं वाटलं नाही.

मग प्रभा आली. पाचव्या गल्लीपासून पळत, एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात तिला न्यायला आलेल्या सुनेची. मी पायरीवर चहा पीत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, शेजारी बसली आणि रडली. हसू नाही, सावली नाही, चेहरा पांढराफटक. हवा होता तो चेहरा तोच होता.

कॅमेरा आत चार्जिंगला होता. तो हातात असता तरी... असो. तांत्रिक अडचण.

२४ जानेवारी
प्रभा बसणार नाही म्हणाली. कधीच नाही. प्रदर्शन रद्द नाही, स्थगित.

२६ जानेवारी, सकाळी ११
गाडी गेली. मी फाटकाशी उभी होते. ऊन होतं म्हणून छत्री. तोंडाला पिठी होती, कारण घावनांचं पीठ मीच भिजवलं होतं, आणि डोळे पिठाच्याच हातानं पुसले. शालूबाईनं मागून मोबाईलवर फोटो काढला, मी वळले तेव्हाच. तिचा अंगठा आडवा आल्यानं अर्धी चौकट कोरी. तिरका आहे. पाहिल्यावर म्हणाली, "कुणाची तर वाट बघताय जणू."

नुसती उभी होते, असं तिला स्पष्ट सांगितलं.

लिहून ठेवते. कॅमेरा विश्वजितला परत. गाऊन शालूबाईला, वाकळ शिवताना आत घालायला. फ्लेक्स गणपतरावांच्या स्कूटरवर झाकायला, छापलेली बाजू आत. छत्री प्रभाला, बंगलोरच्या पत्त्यावर. फोटोची एक प्रत तिलाच. दुसरी माझ्या कपाटात, वरच्या खणात. वेळ येईल तेव्हा हार हिलाच घालायचा. अंगठा कापायचा नाही.