फटीची दोन टोकं

३ मार्च
पोचलो एकदाचा! खोली ऐसपैस, उजेड भरपूर. काम सोपं आहे. पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर सूर्यवारा आदळतो, तिथे चुंबकरेषा तुटून पुन्हा जुळतात आणि कवचाला फट पडते. ती जमिनीवर उतरवली तर किती लांब भरेल, ते रोज मोजायचं. केंद्रप्रमुख मॅडमनी बजावलं, एकच टोक नक्की करायचं आणि लांबी 'किमान इतकी' म्हणून लिहायची. मला हसू आलं. शुक्रवारी बायको चिमीला घेऊन येतेय. मागच्या नेमणुकीवर कामापायी दोनदा भेट रद्द केली. आता लेकीला पाहिल्याशिवाय हा शीण जायचा नाही.

४ मार्च
दिवसभर आकड्यांत डोकं घालून मान आखडली. अर्धवट काम मला जमत नाही, दोन्ही टोकं काढली. लांबी ३१० किलोमीटर. एक टोक नेमकं आमच्या केंद्रावर, दुसरं आमच्या घरावर! चिमीला फोनवर सांगितलं तर तिने विचारलं, फट आपल्याला ओळखते का.

५ मार्च
सूर्यवाऱ्याची चुंबकदिशा पालटली. फट मिटायला हवी होती, मिटली नाही. मी जेवायला बाजारात गेलो त्या तासात इकडचं टोकही बाजारात जाऊन आलं. मॅडमना सांगितलं तर त्यांनी आधी दार लावून घेतलं. आधीच्या मोजणीवाल्याने एकदाच दोन्ही टोकं मोजली होती म्हणे. दुसऱ्या टोकाला त्याचा भाऊ होता. भाऊ भेटायला आला, लांबी शून्य झाली आणि खोलीत चहाचे दोन कप तेवढे उरले, गरम. हे आधी का नाही सांगितलं, असं विचारलं. मी खरं मानलं असतं का, असं त्यांनीच मला विचारलं.
घरी फोन केला, येऊ नका म्हटलं. बायको म्हणाली, तिसऱ्यांदा ऐकून घेणार नाही. फोन आपटला. भीती वाटतेय, पण अंगात त्राणच नाही.

६ मार्च, सकाळी १०
तिचा फोन बंद. लांबी २४०. दुसरं टोक रस्त्याने येतंय, बसच्या वेगाने. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. उलट्या दिशेची गाडी बाराला आहे. पाच मिनिटं डोकं टेकतो, मग निघतो—

दुपारी २
झोप लागली. झोप लागली मला! लांबी १. खिडकीला गज, उतरायला जिना एकच. दार आतून लावलं—

जिन्यावर चिमी. ओरडून सांगितलं, वर येऊ नको. तिला वाटलं, लपाछपी. हसतेय. पायऱ्या मोजत येतेय— सात, आठ— बाळा, नको— नऊ, द