जाळी फोडण्याआधी

मिस्त्री, चालू गाडीच्या सायलेन्सरमागं तळहात धरायचा आणि तिचा श्वास जोखायचा, हे तुमचंच. मागच्या आठवड्यात करकंबच्या एका नर्सबाईंची गाडी आली. चढाला दम टाकत होती. मी मागं उकिडवा बसलो, डोळे मिटले. हाताला वारा लागतच नव्हता. दुपारच्या उन्हात थोडा वेळ वाटलं, हा हात माझा नाहीच, रोज सकाळी देवाचा अंगारा लावून यायचात, तो तुमचा हात आहे.

धूर निवळणारा डबा तुंबला होता. पुढचा सेन्सर काढून तिथं दाबाचा काटा लावला, तो सरसर चढला. आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळून बसली होती. पण जाळी आपणहून मरत नाही, तिला कुणी मारलं ते आधी शोध, असं तुम्ही म्हणायचा. शोधलं. एक कॉइल मधूनच ठिणगी चुकवत होती आणि न जळालेलं पेट्रोल मागं जाऊन जाळीत पेटत होतं.

बाई म्हणाल्या, "दादा, जाळी फोडून टाका की. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं तेच सांगितलंय. मला उद्या ड्युटी हाय."

मी वॉरंटीचं पुस्तक मागितलं. इंग्रजी मी अजून बोट ठेवूनच वाचतो. गाडीची मुदत संपली होती, पण धुराच्या भागांची वेगळी असते, ती चालू होती. डब्याला छिन्नी लागली असती तर तीही गेली असती. दोष काय, कसा तपासला, सगळं कागदावर लिहून दिलं. सर्व्हिसच्या पावत्या जोडा म्हणालो, आणि शोरूमवाले नाही म्हणाले तर तेवढं लेखी मागा. त्यांनी आधी पेट्रोलला नावं ठेवली. लेखी मागितल्यावर वर कंपनीत विचारणा झाली. आज बाईंचा फोन आला, डबा नवीन बसला.

फोन ठेवला आणि कामाला हात लागेना. मी तुमच्या हाताखाली होतो तेव्हाची, दुधनीच्या त्या व्यापाऱ्याची गाडी डोळ्यांसमोर उभी राहते. तुम्ही तिच्याखाली आडवे, पाय तेवढे बाहेर. तुम्ही विचारता, "तू साळा शिकलेला. पुस्तकात बघ की, कंपनी देती का ही जाळी?" मी पानं उलटतो. पानांना नव्या गाडीचा वास आहे. मी म्हणतो, तसं काही लिहिलेलं नाही. मग छिन्नीचा आवाज, आणि फरशीवर राखाडी चुरा.

महिन्याभरानं व्यापारी परत आला. शोरूमनं डबा फुकट बदलला असता, फोडलेला बघून परत पाठवलं होतं. गिऱ्हाइकांसमोर तो तुम्हाला म्हणाला, "मिस्त्री, अडाण्याच्या हातात गाडी दिली, माझंच चुकलं." तुम्ही हात जोडलेत. माझ्याकडं बघितलंही नाहीत. पुन्हा कधी मला काही वाचायला मात्र दिलं नाहीत.

मिस्त्री, त्या पुस्तकातलं एक अक्षरही मला कळलं नव्हतं. खेड्यातल्या शाळेचं इंग्रजी ते केवढं. कळत नाही म्हणायची लाज वाटली.

रोज दिवा लावताना हे मी देवाला सांगत आलो. तुमचा फोटो तिथंच शेजारी आहे. हा कागद त्या फोटोपुढं ठेवायचा म्हणून लिहिला. पण घरातलं कुणी वाचेल, म्हणून घडी करून खिशात ठेवतोय.