मात्सूला सांगितलेला पत्ता

प्रिय लेपिंग,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून पत्र बाजूला टाकू नकोस. नऊ वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता या पत्रातून तुझ्या आयर्लंडमधल्या नव्या घरी येऊन धडकलेय. पत्ता कुठून मिळाला ते शेवटी सांगते. आधी तुझ्या आईबद्दल. तिच्या हृदयाची झडप खराब झालीय. एकोणीस नोव्हेंबरला ऑपरेशन आहे, इथेच पेनांगला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी खात्री देता येत नाही, असं डॉक्टर माझ्यादेखत म्हणाले. लेपिंगला कळता कामा नये, असं तिनं मला बजावलंय आणि मी मान डोलावली होती.

एवढं होऊन बाई गेल्या आठवड्यात तैवानमधल्या तैनानला जाऊन आली. ती, मी आणि चूनेओ. आम्हा तिघी मैत्रिणींची शाळेतल्या बाकावर ठरलेली सहल, साठ वर्षं रखडलेली. मी म्हटलं, ऑपरेशननंतर जाऊ. ती म्हणाली, "नंतर पडूनच राहायचंय, आत्ता पाय चालतायत तोवर चल." चूनेओला आजाराचं काही सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं सगळ्या गल्लीला सांगितलं असतं.

सकाळी दुधमासा घातलेली भाताची पेज खाल्ली. आपली माणसं कुठंही गेली तरी पहिल्या घासाला नाक मुरडतात, तसं चूनेओनं मुरडलं आणि दुसरा वाडगा मागवला. वाढणाऱ्या बाईला आमची होक्कियन बोली कळत होती, पण मध्येच मलय शब्द आला की ती चमकून बघायची. तुझी आई खूप हसली. मला वाटलं, बरं झालं आलो. मग आनपिंगच्या किल्ल्यावर गेलो. चूनेओ तुरुतुरु वर चढली आणि वरून ओरडली, "काय गं स्वीगिम, खालीच मुक्काम करतेस का? खांद्यावर घेऊ?" तुझी आई कठडा धरून उभी होती. ओठ जांभळट झाले होते. "बूट चावतोय," एवढंच म्हणाली. पायरीवर बसून तिनं बूट काढला. मीही गुडघ्यावर बसले आणि टाच बघितल्यासारखं केलं. टाचेला काहीच झालं नव्हतं. पाऊण तास आम्ही तशाच बसलो आणि चूनेओ वरून आमचे फोटो काढत राहिली. मला तिचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

त्या पायरीवर मला तुझ्या बाबांचं जाणं आठवत होतं. तुला आजवर न सांगितलेली एक गोष्ट आहे. पेपरातल्या निधनवार्तेची ती यादी, मुलगे, सुना, मुली, जावई, ती तुझ्या आईनं सांगितली, पण लिहिली मी. तुझं नाव लिहून मी थांबले. विचारलं, जावयाचं नाव? ती म्हणाली, "आधीची बायको सोडलेल्या परक्या माणसाला मी जावई म्हणणार नाही. पुढे लिही." मी पुढे लिहिलं. दुसऱ्या दिवशी मांडवात तू तो पेपर वाचलास, घडी घालून ठेवलास, बाबांना उदबत्ती लावलीस आणि अंत्ययात्रा निघायच्या आत बॅग उचललीस. मी चहाचे कप विसळत होते. मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

दुपारी मात्सूच्या देवळात गेलो. समुद्रापलीकडे गेलेल्यांची ती देवी, म्हणून तुझ्या आईला तिथंच जायचं होतं. चूनेओ बाहेर उदबत्त्या निवडत बसली. तुझ्या आईनं कौलाच्या लाल लाकडी चंद्रकोरींची जोडी हातात घेतली. कौल कसा लावायचा ते तुला लहानपणी तिनंच शिकवलंय: आधी आपलं नाव, जन्मतिथी, पत्ता, मग एकच प्रश्न. कानाचं यंत्र ती हॉटेलवर विसरली होती. त्यामुळे मनातलं सगळं मोठ्यानं बोलत होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. मी दोन हातांवर होते. "माझ्या मुलीला ऑपरेशनचं कळवू का?" तीनदा चंद्रकोरी टाकल्या. तिन्ही वेळा पाठी वर, म्हणजे नाही. तिनं त्या पुसून जागेवर ठेवल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "झालं. आता टोफूची खीर खाऊ." खीर तिनं संपवली. माझी मी चूनेओपुढे सरकवली.

परतीच्या बसमध्ये माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिनं देवीला स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं! साठ-पासष्ट वर्षं कौल लावणारी बाई ही, आणि स्वतःलाच विसरली. सही न केलेल्या अर्जासारखं झालं ते. कोण विचारतंय हेच देवीला कळलं नाही, तर 'नाही' कुणाला म्हणाली ती? तो कौल मी मानत नाही. मागे फिरून माझ्या नावानं लावावा, असंही मनात आलं. लावला नाही. पुन्हा 'नाही' आलं असतं तर हे पत्र लिहायचं धैर्य मला झालं नसतं.

आता पत्त्याचं सांगते. स्वतःच्या नावाऐवजी तिनं तुझं सांगितलं. "लेपिंग, जन्म सातव्या महिन्याची नववी तिथी," आणि मग घर नंबर, रस्ता, कॉर्क, आयर्लंड, पोस्टाच्या कोडसकट, एका दमात, पाढा म्हणावा तसा. तू आत्याला दर नववर्षाला कार्ड पाठवतेस, त्या पाकिटावरून तिनं पाठ केला असणार. मी कागदाच्या रुमालावर लिहून घेतला. पण पोरी, ती तिथं थांबली नाही. यादीत पुढे जे यायला हवं ते तिनं म्हटलं. "जावई, डेक्लन." नाव तिला नीट येत नाही, दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा बरोबर म्हणाली. हे तिनं कुणाजवळ घोकलं असेल, देव जाणे. तुझ्यासमोर ती ते कधी म्हणेल का, मला माहीत नाही; तेवढे दिवस हातात आहेत का, तेही नाही. म्हणून वचन मोडून लिहितेय. एकोणीसच्या आत ये. दोघं या. नऊ वर्षांपूर्वी मी जे नाव न लिहिता पुढे गेले, ते या वेळी पाकिटावर तुझ्या नावाशेजारी लिहिलंय. बघ, बरोबर लिहिलंय का.

तुझीच, चुकलेली,
गेकलान मावशी