मेन स्विच

प्रिय आनंदी, सप्रेम जयभीम.

पत्राला उशीर झाला, रागावू नको. लिहायची लाज वाटत होती. फोन केला असता, पण एकाच खोलीत सुगतला सगळं ऐकू जातं.

तब्येत बरी आहे. सिमरोलची हवा मानवली. आपला सुगत संगणकावर जाड पोलादी टाकीला भेग पाडतो. ती पळत कुठे थांबेल, याचं गणित सहा दिवस अखंड चालतं. मी म्हटलं, "आम्ही बॉयलरच्या भेगेला टोकाशी भोक पाडायचो, थांबायची." तो हसला, "बाबा, ही डोळ्याचं पातं लवायच्या आत टाकी फाडते. ड्रिल घेऊन मागे कोण पळणार?"

पाचव्या दिवशी बाहेर पडताना मी मेन स्विच बंद केला. चाळीस वर्षं कारखान्यात पाळी संपली की हेच केलं ना! सगळं गणित पुसलं गेलं. त्याच्या सरांना शनिवारी उत्तर हवंय, आता कुठून देणार? माझा मलाच संताप येतो. तो ओरडलासुद्धा नाही. नुसतं "जेवून घ्या" म्हणाला.

तुझे गुडघे कसे आहेत? त्याला सहज फोन करून विचार, मी इथे राहू की परत येऊ. तो जे म्हणेल ते, गोड करून न सांगता, लगेच कळव.

तुझा,
कचरू