शिंप्याची पाटी

मंगळवार, चौदा तारीख

प्रिय काठीवाल्या ताई,

सप्रेम नमस्कार. (बबडीला पांढरी काठी टेकत चालायला शिकवता, म्हणून आमच्या घरी तुम्ही याच नावाने ओळखल्या जाता, रागावू नका.) तुमचे दोन्ही निरोप मिळाले. बबडीचं मनगट मोडलंय म्हणून ती शिकवणीला येत नाही. प्लास्टर तीन आठवड्यांनी निघेल. बाकी सगळं ठीक.

ठीक कसलं डोंबलाचं! खरं ते लिहिते.

"आता कोपऱ्यावरच्या वाचनालयात तिला एकटीला जाऊ द्या, तुम्ही घरी बसा," असं तुम्ही बजावलं होतंत. मी मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवसापासून आवाज न करणाऱ्या रबरी चपला घालून तिच्या दहा पावलं पुढे चालू लागले. आडव्या सायकली सरकव, शिंप्याने दुकानापुढे वाटेत उभी केलेली पाटी उचलून भिंतीला लाव. महिनाभर हेच. घरी आल्यावर बबडी मिरवायची, "आई, हा रस्ता म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ!" मी म्हणायचे, शाबास.

काठी कशालाच लागेना, तेव्हा ती काठी काखेत मारून भराभर चालू लागली. मला ते दिसत होतं, ताई. तरी मी पुढेच चालत राहिले.

गेल्या सोमवारी मला ताप होता. ती पाटीवर आदळली. शिंपी भला माणूस, दवाखान्यात नेऊन तिला घरी घेऊन आला. दारातच म्हणाला, "काकू, रोज तुम्हीच पाटी हलवता ना, म्हणून मी लक्ष दिलं नाही हो."

बबडी रडली नाही. म्हणाली, "म्हणजे मी एकटी एकदाही गेले नाही."

काठी कपाटामागे पडली आहे. जी पोरगी एकोणीस वर्षं माझा हात झटकत आली, ती आता न्हाणीघरात जायलाही हात पुढे करते. सांगायला लाज वाटते, पहिल्या दिवशी तो हात धरताना मला बरं वाटलं. आता तोच हात धरवत नाही.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुझं काय चुकलं? मला जमणार नाही हे तुला आधीच कळलं होतं." तसं नव्हतं, हे मी कितीदा सांगितलं. माझा शब्द आता तिला खरा वाटत नाही. तुमचा वाटेल का, कोण जाणे. तुम्ही या. मी घरात थांबणार नाही.

तिची हाक आली. पाणी हवंय. पेला तिच्या हाताशीच आहे.

मी उठतेय.

अजूनही पुढे पुढे करणारी,
बबडीची आई