टेकूखालची जमीन

आबा, कोथरूडची ती सोसायटी पाडली. जिच्या पहिल्या स्लॅबखाली तुम्ही उभे होतात, तीच. आता तिथं टॉवर होतोय आणि त्याच्या सेंट्रिंगचं, टेकू-फळ्यांचं काम माझ्या लेकाने, तुमच्या नातवाने घेतलंय. उद्या पहिला स्लॅब ओतणार. माझं अक्षर चौथीच्या पुढे गेलं नाही, तेव्हा जमेल तसं वाचा. तुम्हाला आता वेळच वेळ आहे.

पाडताना मी बघायला गेले होते. मशीनचा दात त्या स्लॅबवर नुसता करकरत होता, स्लॅब काही दाद देईना. मशीनवाला कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "काय घातलंय यात?" मी म्हटलं, "माझा बाप." तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला. असो.

तो दिवस अजून जसाच्या तसा दिसतो. मी तुमचा डबा घेऊन आलेय. वर मिक्सर धडधडतोय, बाया मालाची घमेली घेऊन फळ्यांवरून ये-जा करताहेत, आणि तुम्ही खाली, टेकूंच्या रानात. स्लॅब ओतत असताना सेंट्रिंगवाल्याने खालीच राहायचं, ही तुमची रीत. हातोडीने एकेक टेकू ठोकून कान लावायचा. भार घेतलेला टेकू टणक बोलतो. त्या दिवशी कोपऱ्यातला एक पोकळ बोलला. तुम्ही वाकून बघितलंत. पाण्याचे नळ टाकायला नळवाल्याने तिथं चर खणला होता आणि वरवर माती लोटून बुजवला होता. टेकूचा पाय त्या भुसभुशीत मातीत खाली खाली चालला होता.

मी बाहेर पळत येऊन वर ओरडले, "थांबवा!" वरचा मुकादम म्हणाला, "तुझ्या बापाचं काम खाली, आमचं वर. मधेच थांबलं तर स्लॅबला सांधा पडतो. मोठ्या ठेकेदाराला सांग, तो म्हणाला तर थांबवू." मला त्याच्या तोंडात माती कोंबावीशी वाटली. पण आत येऊन सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "बरोबर बोलला तो. ठेकेदाराला आण, जा." आणि हातातली लाकडी बल्ली त्या टेकूशेजारी उभी करून तिच्या पायाखाली फळी सारायला लागलात. बाहेर पडायचं तुमच्या मनातही नव्हतं.

ठेकेदार समोरच्या टपरीवर बशीत चहा ओतत होता. त्या माणसाला मी मनात काय काय नावं ठेवली होती! कडक इस्त्रीचा, आखडू, आमच्याकडे बघताना नाक वर. मी म्हटलं, "टेकू खचतोय, आबा खाली आहेत." त्याने बशी तशीच ठेवली आणि धावत सुटला. त्याच्या एका शब्दावर मिक्सर बंद. बाया शिडीवरून उतरायला लागल्या. आणि मग तो पांढऱ्या कपड्यांत वाकून तुमच्याकडे आत शिरला.

"बाहेर हो," तो म्हणाला.

"वर कोण आहे अजून?"

"दोघीतिघी. उतरताहेत."

"त्या उतरल्या की येतो. मालक, काम माझ्यावर सोपवलंय ना? मग तुम्ही व्हा बाहेर."

"सोपवलंय तुझ्यावर. इमारतीचा ठेका माझ्या नावावर आहे. पाचर कुठं मारू ते सांग."

त्याने पाचर मारली, आबा. तुम्ही दाखवलंत तिथं. शेवटची बाई उतरली तेव्हाच दोघं बाहेर आलात, दोघंही सारखेच मातकट. मी तोंड वासून बघत राहिले.

टेकू पुन्हा नीट बसवले, काम पुन्हा सुरू झालं. मग ठेकेदाराने विचारलं, "चूक कोणाची?" नळवाला तिथंच मान खाली घालून उभा. तुम्ही म्हणालात, "माझी." घरी येताना मी भडकले, की त्याचं नाव का नाही घेतलंत? तुम्ही चालता चालता म्हणालात, "खड्डा त्याचा. खड्ड्यावर टेकू मी ठेवला."

परवा माझी नात तिच्या बापाचा करार वाचून दाखवत होती. लहान ठेकेदार मोठ्या ठेकेदाराचं काय काय देणं लागतो, त्याची पानंच्या पानं. दुसऱ्याच्या कामात दोष दिसला तर लेखी कळवावं, असंही होतं. मी म्हटलं, "लेखी? टेकू खचताना?"

"मेल करायचा, आजी."

"मेल पोचायच्या आधी स्लॅब खाली पोचेल."

ती हसली, पण तिचा बाप हसला नाही. मगाशी जेवताना मी त्याला म्हणणार होते, उद्या खाली उभा राहू नकोस, आता लोखंडी जॅक आहेत, माणसं आहेत. तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच. "जमीन बघितलीस का?"

"बघितली. नळवाल्याला सोबत घेऊन बघितली."

"मग जेव."

उद्या मी डबा घेऊन जाणार आहे. सगळ्यांना सांगितलंय, आपल्याला कसली भीती! तुम्हाला म्हणून सांगते, रस्त्याच्या पलीकडेच उभी राहीन. शेवटचं माणूस उतरेपर्यंत माझ्याने तिकडे बघवणार नाही.

हा कागद कुठं पाठवायचा ते काही कळत नाही. माझ्या खाटेचा एक पाय डुगडुगतो. घडी करून त्याच्याखाली घालते. आधी फरशी बघून घेतली, काळजी नको.